मूत्रपिंडातला निवाडा कोणाचा?

रक्तातले काय राखायचे आणि काय टाकायचे, हा निवाडा मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले शरीरात राहतात, क्रिएटिनिन आणि बराचसा युरिया बाहेर जातो. मीठ आणि पाणी गरजेप्रमाणे कधी राखले जाते, कधी सोडले जाते. निवड उघड दिसते, निवडणारा मात्र दिसत नाही. जाणीव नसलेल्या वस्तूच्या ठायी हेतू असू शकतो का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न या अवयवाच्या कामात फार ठसठशीतपणे समोर येतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन या वैद्याने हा वाद प्रत्यक्ष शरीरावर आणला. त्याच्या आधी होऊन गेलेल्या अस्क्लेपियाडीसचे म्हणणे असे, की प्यायलेल्या पाण्याची वाफ होते आणि मूत्राशयात तिचे पुन्हा पाणी होते. मूत्रपिंडांना काही कामच नाही. गेलनने जिवंत प्राण्याच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला आणि गाठीच्या वरचा भाग तट्ट फुगला. गाठी सोडताच मूत्र मूत्राशयात उतरू लागले. मूत्रवाहिन्या मूत्राशयात तिरप्या शिरतात, म्हणून मूत्र मागे फिरत नाही, हेही त्याने टिपले. इथवरचे त्याचे निरीक्षण आजही खरे आहे. पुढचे अनुमान निराळ्या जातीचे होते: आपल्याला योग्य तेच ओढून घेण्याची शक्ती मूत्रपिंडात असते आणि निसर्ग काहीही व्यर्थ घडवत नाही.

भारतीय दर्शनांनी हाच प्रश्न मूत्रपिंडाचे नाव न घेता लढवला. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दृष्टान्त आहे तो दुधाचा. अचेतन दूध वासराच्या पोषणासाठी पाझरते, तशी अचेतन प्रकृती पुरुषाच्या मोक्षासाठी प्रवृत्त होते. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांनी या दृष्टान्तालाच हात घातला. गाय सचेतन आहे, तिच्या वात्सल्याने आणि वासराच्या चोखण्याने दूध उतरते. चेतनाच्या आधाराशिवाय जड वस्तू काही साधत नाही. आक्षेप बळकट आहे. पण मूत्रपिंडाच्या कामामागे ना वात्सल्य, ना चोखणे. गाढ झोपेत आणि बेशुद्धीतही ते चालूच असते. मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात जोडले, तर तिथेही ते कामाला लागते. सांख्यांच्या बाजूने बोलायचे, तर दुधापेक्षा हे उदाहरण अधिक भक्कम ठरले असते.

आत घडते ते असे. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक झुबका असतो. हृदयाने दिलेल्या दाबामुळे त्यातून पाणी आणि त्यात विरघळलेले लहान रेणू बाहेर पडतात. रक्तपेशी आणि प्रथिने मागे राहतात. दिवसाला असा सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. रक्तातला द्रवभाग जेमतेम 3 लिटर, म्हणजे तो दिवसातून साठेक वेळा गाळणीतून जातो. मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपास. बाकी सारे नेफ्रॉनच्या नलिका रक्तात परत घेतात. 1924 साली अमेरिकेत वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातल्या एकाच नेफ्रॉनमध्ये काचेची अतिसूक्ष्म नळी घालून तिथला द्रव काढला. त्यात साखर होती. मूत्राशयातल्या मूत्रात ती नव्हती. म्हणजे लहान रेणूंची गाळताना निवड होत नाही. कामाचे आणि टाकाऊ दोन्ही एकदमच बाहेर पडते, आणि निवड होते ती परत घेताना.

हे परत घेणेही कोणी जाणून करत नाही. नलिकेच्या भिंतीतली वाहक प्रथिने सोडियमच्या ओढीबरोबर ग्लुकोज आत खेचतात. रक्त किंचित घट्ट झाले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी आकसतात, वासोप्रेसिन स्रवते, शेवटच्या नलिकांच्या भिंतीत पाण्याचे मार्ग उघडतात आणि मूत्र गडद होते. गेलनच्या ओढून घेणाऱ्या शक्तीची जागा इथे दाब, विद्युतभार आणि रेणूंचा आकार यांनी घेतली आहे.

मग एवढे सगळे आधी बाहेर टाकून परत ओढण्याचा खटाटोप कशासाठी? मूत्रपिंडाचे अभ्यासक होमर स्मिथ यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकात उत्तर दिले, की या रचनेमागे योजना नसून इतिहास आहे. त्यांच्या मते आपले आदिम पूर्वज गोड्या पाण्यातले मासे. अंगात शिरणारे पाणी उपसून टाकायला त्यांना अशी गाळणी लागली, आणि पुढे जमिनीवर आलेल्या जिवांना तीच वारशाने मिळाली. ते पूर्वज गोड्या पाण्यातलेच होते का, यावर पुढे वाद झाला. तरी मुद्दा टिकतो: नैसर्गिक निवडीत जे निभावले ते उरले, आणि उरलेल्याकडे मागे वळून पाहिले, की ते हेतूपूर्वक केल्यासारखे दिसते.

शंकराचार्यांचा आक्षेप एवढ्याने निकालात निघत नाही. 1943 मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या ढोलावर गुंडाळून डायलिसिसचे यंत्र बनवले. त्या नळ्यांनाही जाणीव नव्हती. पण बाहेरच्या द्रवात सोडियम किती ठेवायचे, हे माणूस ठरवत होता. यंत्रामागचा हेतू सचेतनाकडेच पोचतो. शरीरात तसे ठरवणारे कोणी सापडत नाही. सापडते ती पिढ्यान्‌पिढ्यांची चाळणी.

या चाळणीला पुढचे दिसत नाही, हे मधुमेहात कळते. रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की वाहक प्रथिने अपुरी पडतात आणि ती मूत्रात उतरू लागते. तरीही नलिका जमेल तेवढी साखर परत ओढतच राहतात. मधुमेहात त्यांची ही क्षमता उलट वाढते. उपासमारीत जीव तगवणारी सवय इथे शरीरावरच उलटते. ग्लिफ्लोझिन गटातली औषधे हीच प्रथिने अडवून साखर मूत्रावाटे जाऊ देतात. काय राखावे आणि काय सोडावे, हे इथे कोणीतरी जाणून ठरवलेले असते.