इथपर्यंत आलं, पुढे अडलं

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात फिलिप्स एक्झिटर अकॅडमी नावाची निवासी शाळा आहे. १७८१ सालची. नववी ते बारावीची मुलंमुली तिथे राहून पुढच्या विद्यापीठाच्या शिक्षणाची तयारी करतात. तिथला गणिताचा तास मला फार आवडतो. नेहमीचं पाठ्यपुस्तक नाही, शिक्षकांनीच तयार केलेले उदाहरणांचे संच असतात. आधी सूत्र सांगायचं आणि मग त्यावरची उदाहरणं घालायची, हा आपल्या ओळखीचा क्रम तिथे उलटा आहे. मुलं रात्री वसतिगृहात बसून उदाहरणांशी झटापट करतात आणि नियम त्यातूनच हळूहळू उलगडत जातो. काही उदाहरणं सुटतात, काही मध्येच अडतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ती फळ्यावर मांडायची. अडलेलं उदाहरणसुद्धा मांडायचं. जिथवर जमलं तिथवर लिहायचं आणि सांगायचं, इथपर्यंत आलं, पुढे अडलं. मग सगळे मिळून तिथून पुढे निघतात.

या धीटपणामागे एका माणसाची इच्छा आहे. १९३० साली एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थांनी शाळेला मोठी देणगी देऊ केली, तेव्हा मुख्याध्यापक लुईस पेरी यांना त्यांनी आपल्या मनातला वर्ग पत्रातून कळवला होता. मुलं शिक्षकांसोबत एका टेबलाभोवती बसावीत. बेताच्या मुलालाही बोलायचा धीर यावा, आपली अडचण मोकळेपणी सांगता यावी. हुशार मुलांची सोय सगळेच बघतात, या गृहस्थांना बेताचा मुलगा आठवला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. तेव्हापासून तिथे लंबगोल टेबलाभोवती बाराएक मुलं आणि शिक्षक बसतात. लपायला मागचा बाकच नाही. अर्थात, एवढ्या थोड्या मुलांचा वर्ग चालवणं खर्चाचं काम आहे. साठ-साठ मुलांच्या आपल्या वर्गांना ते सहज परवडणारं नाही. पण अडलेली जागा नेमकी सांगायची सवय मात्र कुणालाही लावून घेता येते.

एरवी आपण काय करतो? कुणी विचारलं की म्हणतो, "चाललंय." किंवा एकदम दुसरं टोक, "मला यातलं काहीच कळत नाही." या दोन्ही उत्तरांवर समोरच्याला मदत कुठून सुरू करावी ते कळत नाही. "बिलं सगळी भरली, फक्त बेरीज जुळत नाहीये," असं म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्ची ओढून बसतो. "गळा छान बसलाय, बाही जोडताना चुण्या पडतायत," असं सांगितलं की शिवणाच्या बाई नेमकी ती बाहीच हातात घेतात. आणि असं सांगायचं तर आपल्याला स्वतःलाही आधी जरा मागे वळून बघावं लागतं. बघितलं की लक्षात येतं, बरंच काम आपण केलेलंच आहे. निम्मं दडपण तिथेच उतरतं.

घरी मुलांशी बोलतानाही याचा उपयोग होतो. संध्याकाळी लेक तोंड पाडून म्हणते, "आई, मला गणित येतच नाही." अशा वेळी "कसं येत नाही?" म्हणण्यापेक्षा शेजारी बसून विचारावं, "कुठपर्यंत आलं?" ती जरा घुटमळते, मग वही पुढे करते. समीकरण बरोबर मांडलेलं असतं. पहिल्या दोन पायऱ्याही बरोबर असतात. तिसऱ्या पायरीत संख्या पलीकडे नेताना उणे चिन्ह बदलायचं राहिलेलं असतं. त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणावं, "ही ओळ पुन्हा बघ बरं," आणि तिला बघू द्यावं.