देणाऱ्याचं पुण्य, घोडीचे पाय

डिसेंबरात वेण्णा तलावाच्या काठावर गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात आणि महाबळेश्वरात पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. आम्हा घोडेवाल्यांचा हा कमाईचा काळ. घोड्यांच्या दृष्टीनं मात्र हा खुरांच्या दुखण्याचा काळ. इथे पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या ओलीत भिजून खूर मऊ पडलेले असतात. मग कोरडा वारा सुटतो, तेच खूर आक्रसतात आणि कडेला चिरा दिसू लागतात. त्यात आमच्या वाटा जांभ्याच्या. खडे नेमके खुराच्या तळाशी जाऊन रुततात.

गिऱ्हाईक बघणं आमच्या ह्यांचं काम, पाय बघणं माझं. मी आमच्या घोडीच्या, काशीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, हात पोटरीवरून खाली नेते, “पाय” म्हणते आणि ती पाय माझ्या मांडीवर देते. लोखंडी आकडा टाचेकडून टोकाकडे ओढायचा; उलटा ओढला तर तळाच्या मधल्या मऊ त्रिकोणाला इजा होते. काळा, कुजकट वासाचा चिकटा निघाला, तर ठाण ओलं राहिलंय असं समजायचं. शेवटी खुराच्या भिंतीवर तळहात ठेवायचा. भल्या पहाटे तो गार लागायला हवा. ऊन लागला, आणि सांध्यामागे बोटं टेकवल्यावर नाडी जोरात उडताना जाणवली, तर त्या दिवशी खोगीर चढवायचं नाही, मग दारात कितीही गिऱ्हाईक उभं असो.

ज्यांचं कुलदैवत खंडोबा, अशी पुष्कळ कुटुंबं चंपाषष्ठीच्या सुमारास जेजुरी करून इकडे फिरायला येतात. त्यांच्यासाठी घोडा म्हणजे देवाचं वाहन. एकदा एक बाई आल्या, कडेवर नातू. पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढली, काशीच्या कपाळाला लावला, वाकून तिच्या पुढच्या खुरांना हात लावला, तो हात नातवाच्या डोक्यावरून फिरवला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी पिशवीतून गुळाची अख्खी ढेप बाहेर काढली.

“काकू, एवढा नको. एक खडा द्या.”

“अगं, नवसाचा आहे. आणि थंडी किती पडलीय! खाऊ दे, अंगात ऊब येईल तिच्या.”

गुळानं ऊब येते ती आपल्याला. घोड्याला ऊब येते कडब्यानं. चारा त्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्या आंबण्याची उष्णता अंगभर पुरते. म्हणून कडाक्याच्या रात्री आम्ही चंदी वाढवत नाही, गवताची पेंढी वाढवतो आणि पाणी कोमट करून ठेवतो. गार पाणी घोडं कमी पितं, आणि कोरडा चारा पोटात अडकला की पोटशूळ उठतो. गुळाचा खडा बाधत नाही. पण गूळ, भिजवलेले हरभरे, मक्याची कणसं असं एकदम भरपूर पोटात गेलं, की आतड्यात आम्ल माजतं आणि त्याचा फटका बसतो कुठे, तर पायांना. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारे नाजूक पदर सुजतात. कवच कडक, सूज जाणार कुठे? घोडं पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभं राहतं, कारण सगळा भार टाचांवर घ्यायचा असतो. फार वाढलं तर आतलं हाडच जागचं हलतं. आमच्या शेजारच्यांचा घोडा एका नवसानंतर असा गेला. नवस फेडणारे तोवर घरी पोचून प्रसाद वाटत असतील.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. कर्माचा सिद्धांत लहानपणापासून ऐकत आले: करेल तो भरेल. पण तबेल्यात करणारा एक आणि भरणारा दुसरा. ढेप घातली कुणी, पाय गेले कुणाचे? कुणी म्हणेल, त्या घोड्याचं मागच्या जन्मीचं असेल काही. हे उत्तर मला कधी पटलं नाही. ते फार सोयीचं आहे, आणि ते देणाऱ्याला त्या जनावराचा पाय कधी उचलून बघावा लागलेला नसतो.

घोड्याच्या खुरावर आडवी वलयं असतात. ताप येऊन गेला, चारा एकदम बदलला, उपासमार झाली, की वलय उमटतं. खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, थंडीत त्याहून कमी. वरची रेघ खाली उतरून कापली जायला वर्ष जातं. आमचे नालबंद चाचा नवीन घोड्याचा पाय हातात घेतला की मालकाकडे न बघता सांगतात, “वहिनी, दिवाळीच्या वक्ताला ह्याचं काहीतरी बिघडलं होतं.” म्हणजे हिशेब लिहिला जातो हे खरंच. फक्त दुसऱ्याच्या पायावर लिहिला जातो. चाचांचा तेलावरही राग आहे. पर्यटकांना खूर चकचकीत दिसावेत म्हणून लोक तेल फासतात, त्यानं चीर भरत नाही, झाकली जाते.

आता गीता. कर्म तुझं, फळावर हक्क नाही. हे मी मानते, पण त्याचा अर्थ फळाकडे बघूच नकोस असा लावला, तर त्या काकूंएवढं निष्काम कुणीच नाही. दिलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. आणि सकाम कोण? मी. उद्या काशी लंगडली तर चूल कशी पेटणार, या भीतीनं मी तिचा खूर चाचपते. तरी काशीचं भलं कशानं होतं, हे सांगायला पंडित नको. फळ माझ्या पदरात पडणार असेल तर त्याचा मोह सोडावा. दुसऱ्याच्या पायात उतरणार असेल, तर ते बघत राहणं हेच काम, आणि त्यावरची नजर काढणं ही विरक्ती नव्हे, ती बेफिकिरी.

गीता सांगणाऱ्यानंही असंच केलं, असं मला वाटतं. द्रोणपर्वात, जयद्रथाला सूर्यास्ताआधी मारायचं म्हणून घाई चाललेली आणि घोडे थकलेले, बाणांनी जखमी. अर्जुन बाण मारून भर रणात तळं काढतो आणि कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, मगच पुन्हा जुंपतो. ही सेवा निर्हेतुक होती का? मुळीच नाही. त्याला लढाई जिंकायची होती. घोड्यांनी युद्ध मागितलं नव्हतं, जसं काशीनं वेण्णा तलावाच्या फेऱ्या मागितल्या नव्हत्या. ती टोचणी कृष्णाच्या खराऱ्यानं जात नाही आणि माझ्या आकड्यानंही जात नाही. पण हेतू शुद्ध होईपर्यंत बाण अंगात राहू द्यावेत, असं काही तो म्हणाला नाही.

पुढे आश्वमेधिक पर्वात अर्ध्या सोन्याच्या अंगाचा मुंगूस येतो आणि युधिष्ठिराच्या एवढ्या मोठ्या अश्वमेध यज्ञाची किंमत एका उपाशी ब्राह्मणाच्या मूठभर सातूहून कमी ठरवतो. कथा मला आवडते. पण ज्याचा जीव गेला त्या घोड्याबद्दल मुंगूसही चकार शब्द काढत नाही.

आता संक्रांतीच्या दिवसांत तीळगूळ घेऊन लोक येतात तेव्हा मी त्यांना हात जोडून सांगते, गूळ देवापुढे ठेवा, हिला पेंढी घाला. पेंढ्या मी बाजूला रचूनच ठेवते. काही रागावतात. “देवाच्या घोड्याला नाही म्हणता?” परवा एक काका मात्र विचारात पडले.

“म्हणजे पुण्य कमी लागणार का हो?”

“ते मला नाही सांगता यायचं, काका. पण पेंढी सोडून तिच्या पुढ्यात टाका आणि ती खाऊन होईपर्यंत थांबा.”

थांबले बिचारे. काशी एकेक काडी निवडून खाते, तिला कसली घाई नसते. गाडीत बसलेली त्यांची मंडळी हॉर्नवर हॉर्न वाजवत होती.