वंशांतून आलेलें भय व मातृत्व

ज्या घरांत आई व मावशी दोघीही ऐन उमेदींत स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगानें गेल्या, त्या घरची मुलगी विवाहास योग्य झाली म्हणजे तिच्यापुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो: आपण मूल होऊं द्यावें कीं नाहीं? ह्या प्रश्नाचा आज आम्ही विचार करणार आहों.

पुष्कळसा कर्करोग वंशपरंपरेनें येत नाहीं. तथापि देहाची घडण ठरविणारे जे सूक्ष्म अंश आईबापांकडून मुलांस मिळतात, त्यांपैकीं बीआरसीए नांवाचे दोन १९९४ व १९९५ सालीं शास्त्रज्ञांच्या हातीं लागले. त्यांतील एकांत जरी घातक दोष असला, तरी अशा शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ७० जणींस वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. हा दोष प्रत्येक अपत्यांत उतरण्याचा संभव निम्मा. आणि तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. मग सुनेनेंच रोग घरांत आणिला, हें बोलणें किती अन्यायाचें!

पहिल्या अंशांत दोष असल्यास, मुलें झाल्यावर ३५ ते ४० व्या वर्षाच्या दरम्यान बीजांडकोश काढून टाकावे, असा वैद्यांचा सल्ला असतो. म्हणून कोणी लवकर मुलें होऊं देते, कोणी दत्तक घेते, कोणी मूल नकोच म्हणते. कोणी देहाबाहेर गर्भबीजें तयार करवून त्यांतील निर्दोष तेंच उदरांत ठेवविते. ह्या दोषासाठीं अशी पारख केलेलें ब्रिटनमधील पहिलें मूल २००९ सालीं लंडन येथें जन्मलें.

कोणी म्हणेल, दोष असलेलें मूल जन्मूंच नये काय? ती आईही तसेंच बीज घेऊन जन्मली. तिनें संसार केला, लेंकरें वाढविलीं. तिचा जन्म व्यर्थ होता असें कोण म्हणेल? हें खरें. परंतु जिनें आईच्या अंथरुणाशीं रात्री काढिल्या, तिला तें दुःख आपल्या लेंकीस द्यावेंसें वाटत नाहीं, हेंही प्रेमच होय. मूल होऊं देणारी बेपर्वा नव्हे व न होऊं देणारी भित्री नव्हे.

आमच्या मतें, पाप निराळेंच आहे. लग्न मोडेल म्हणून घराण्यांतील रोग लपविणें, मुलासाठीं सुनेवर जबरी करणें, व जिच्या देहावर शस्त्र चालणार तिलाच न विचारणें, हें तें पाप. म्हणून, प्रिय वाचकहो, असें घर आपल्या गांवांत असेल तर त्यास चांगल्या वैद्याकडे जाण्यास साह्य करा. रक्त तपासून हा दोष कळतो. पुढें ती जो निर्णय करील, त्यांत तिला एकटी सोडूं नका.