बालवयांतील संकल्प

माझा भाचा सहा वर्षांचा असतां वडिलांच्या खांद्यावर बसून दौलताबादचा किल्ला चढला, आणि मेंढा तोफेपाशीं खालीं उतरून त्यानें सांगून टाकलें कीं, मी सैन्यांत जाणार. त्या वेळीं सर्व हसलों. आतां तो दहावींत आहे व कोणी हसत नाहीं. संभाजीनगरांत राज्य सरकारनें १९७७ सालीं काढलेल्या सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थेंत जाण्याचा त्याचा निश्चय आहे. पुढें खडकवासला, आणि मग उभा जन्म सैन्यांत. त्याची आई मला विचारते, "दादा, सहा वर्षांच्या पोराचा शब्द चाळीस वर्षांच्या माणसानें कां पाळावा?"

प्रश्न क्षुल्लक नव्हे. पोरानें तोफ पाहिली. धान्याचें कोठार पाहिलें नाहीं. एवढा तासलेला कडा, एवढा खंदक, ती भयाण अंधारी. तरी १६३३ सालीं महाबतखानाच्या वेढ्यांत शिधा संपला आणि किल्ला द्यावा लागला. सैनिकाचें बहुतेक आयुष्य पहाऱ्यांत, शिधा मोजण्यांत आणि घरच्या पत्राची वाट पाहण्यांत जातें. तें स्वप्नांत कोणाला दिसतें?

पण केवळ आरंभावरून निष्ठेची परीक्षा करूं नये. मलिक अंबर लहानपणींच हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेला. तुला काय व्हावेंसें वाटतें, हें त्याला कोणी विचारलें नव्हतें. तरीहि १६२६ सालीं मरेपर्यंत तो दक्षिणेसाठीं मोगलांशीं झुंजला. आणि किल्ला देणारा फत्तेखान त्याचाच मुलगा, शस्त्रांच्या खणखणाटांत वाढलेला! (त्याला मी भ्याड म्हणणार नाहीं. उपाशी माणसांकडे पाहून दरवाजा उघडणें हा निर्णय घरीं बसून तोलण्याजोगा नव्हे.)

बहिणीला मी म्हटलें, तो शब्द आतां त्या पोराचा राहिलेला नाहीं. पंधराव्या वर्षीं तो नव्यानें देत आहे, पंचविसाव्या वर्षीं पुन्हां द्यावा लागेल. आणि एखाद्या वळणावर त्यानें दिला नाहीं, तर आपण त्याला त्या तोफेची आठवण करून लाजवूं नये. ती गप्प राहिली. तिचें समाधान झालें असें मला वाटत नाहीं, आणि आईचें तें व्हावें तरी कां?

येत्या रविवारीं त्याला घेऊन किल्ल्यावर जाणार आहें. तोफेपाशीं तो जाईलच. त्याआधीं हत्ती हौदाच्या काठीं बसवून त्याला त्या वेढ्याची हकीकत सांगावी, असें मनांत आहे.