सापडलेली ठेव

वस्तू सापडणे आणि वस्तू आपली होणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? रस्त्यात पडलेले पाकीट परत द्यावे, हे लहान मुलालाही कळते. कारण त्याचा धनी कुठेतरी ते शोधत असतो. परंतु शे-दोनशे वर्षांपूर्वी पुरलेल्या रुपयांचा धनी आता शोधायला येणार नाही. जो येणार नाही त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरते का, हा प्रश्न आम्हांला ग्रंथ वाचून पडलेला नाही. तो आमच्या घरात घडलेल्या प्रकारातून पडला.

निपाणीजवळ मूळ गावी आमच्या भावकीचा एक पडका वाडा आहे. काही वर्षांपूर्वी एका पुतण्याने हौसेने मेटल डिटेक्टर आणला. या यंत्राचे काम तसे सरळ आहे. त्याच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, जमिनीतल्या धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह उठतात आणि यंत्राला ते जाणवतात. चांदी ही विजेची उत्तम वाहक, म्हणून तिची खूण ठळक उमटते. माजघराच्या कोपऱ्यात यंत्र वाजले, दीड वीत माती निघाली आणि फुटक्या मडक्यात चांदीचे रुपये सापडले. सगळी भावकी हरखून गेली. तीन घरांचे तीन वाटे झाले, सोनाराने ते वितळवून दिले, आणि आमच्या वाट्याच्या चांदीची देव्हाऱ्यातली निरांजने झाली. देवाच्या कामी लागले म्हणजे दोष राहिला नाही, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

ती समजूत मोडली एका नातीच्या प्रश्नाने. "आजोबा, त्या रुपयांवर काय लिहिलं होतं?" असे तिने विचारले आणि घरात कोणालाच सांगता येईना. थोरल्या वहिनींना एवढेच आठवत होते, की अक्षरे फारसी होती आणि 'म्हणजे ही आपली नाणी नव्हेत' असे कोणीतरी म्हणाले होते. वास्तविक पेशवाईतल्या टांकसाळींतून पडणारे रुपयेही मोगल बादशहाच्या नावाने आणि फारसी अक्षरांतच पडत. म्हणजे जी नाणी परकी म्हणून आम्ही निःशंकपणे आटवली, ती आमच्याच पूर्वजांच्या कमरेच्या कशात असू शकली असती.

यात आणखी एक शल्य आहे. आमचे घराणे या मुलखात पेशवाईत आले, की १८१८ साली बेळगाव इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर आले, यावर घरात अजून वाद चालतो. पुरलेल्या नाण्यांविषयी एक साधा नियम आहे. मडक्यातले सर्वांत अलीकडचे नाणे ज्या वर्षी पडले, त्याच्या आधी ते मडके पुरलेले असू शकत नाही. त्या नाण्याने आमचा वाद कदाचित मिटला नसता. पण ऐकीव गोष्टींच्या जागी एक पुरावा आला असता. तो पुरावा आम्ही आमच्या हाताने मुशीत घातला.

चांदीच्या नाण्यांत काय काय साठलेले असते, याचे थोर उदाहरण नाशिक जिल्ह्यातले आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नाशिकच्या लेण्यांतला शिलालेख क्षहरात वंशाच्या उच्छेदाची ग्वाही देतो. ती ग्वाही खरी असल्याचे या नाण्यांनी दाखवले. एकेकटे नाणे बाजारात गेले असते तर त्याचे मोल तोळ्या-माशांत झाले असते. हजारो नाणी एकत्र राहिली, म्हणूनच एका राजसत्तेचा अस्त आणि दुसरीचा उदय त्यांतून वाचता आला.

इंग्लंडात सफोक परगण्यातील हॉक्सन गावी १९९२ साली घडलेली हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, म्हणून त्याचा मित्र एरिक लॉस मेटल डिटेक्टर घेऊन गेला. हातोड्याऐवजी रोमन काळातली चांदी वर येऊ लागली. थोडी नाणी निघताच त्याने खणणे थांबवले आणि कळवले. मग पुरातत्त्वज्ञांनी जवळजवळ पंधरा हजार नाणी, बहुतेक चांदीची, जशी रचून ठेवली होती तशी बाहेर काढली. बक्षिसाची साडेसतरा लाख पौंडांची रक्कम त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. या माणसाचे मोठेपण आम्हांला सापडण्यात दिसत नाही, थांबण्यात दिसते. याउलट २०२५ साली एका चित्रपटाचे निमित्त होऊन बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात लोकांनी मोगली नाण्यांच्या आशेने रात्री विजेऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरली. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचा वाडा घरचा होता आणि आमच्या हाती दिवसाउजेड होता, एवढाच काय तो फरक.

यावर आक्षेप निघेल, की मेलेल्याला काय कळते? चांदी मातीत राहण्यापेक्षा गरिबाच्या घरी गेलेली काय वाईट? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ज्याच्या घरी मुलीचे लग्न अडले आहे, त्याला इतिहासाचे महत्त्व सांगणे सोपे नसते, आणि कचेरीची पायरी चढण्याची भीतीही खोटी नसते. परंतु १८७८चा निखात निधीचा कायदा, जो महाराष्ट्रात लागू आहे, सापडणाऱ्याला रित्या हाताने पाठवत नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. धनी पुढे आला नाही आणि दुसरा करार नसला, तर तीन-चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळते. सरकारला ती ठेव हवी असल्यास धातूच्या किमतीवर एक-पंचमांश वाढवून द्यावे लागते. लपवणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कर्नाटकाने १९६२ साली या विषयाचा आपला कायदा केला. कळवण्याचे कर्तव्य त्यातही आहे. आमच्यापुरते बोलायचे तर आम्हांला गरज नव्हती आणि भीतीही नव्हती. होते ते अज्ञान, आणि खरे सांगायचे तर ते अज्ञान सोयीचे होते.

मेलेल्याला कळत नाही, हे मान्य. पण ज्याने मडके पुरले त्याने ते टाकून दिले नव्हते, ठेवले होते. परत येण्याचा त्याचा मानस होता. साथीने, लुटीने किंवा मरणाने तो तडीस गेला नाही. त्याचे अपुरे राहिलेले सांगणे ज्याच्या हाती प्रथम येते, तो त्याचा वारस असेल वा नसेल, विश्वस्त मात्र खासच असतो. विश्वस्ताने ठेवीतला हिस्सा घेण्याला आमची हरकत नाही. न वाचता ती नष्ट करण्याचा अधिकार त्याला नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आमच्या सीमाभागाला हे विशेष लागू पडते. कोगनोळीपाशी जी हद्द आहे ती १ नोव्हेंबर १९५६ची. मडके तिच्या कितीतरी आधीचे. ही भूमी कोणाची, हा प्रश्न आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सभांतून, अर्जांतून आणि न्यायालयातून हिरिरीने विचारत आलो. त्याच भूमीने आमच्या माजघरात आपल्याकडचे दोन शब्द पुढे केले, तेव्हा ते कोणत्या लिपीत आहेत हे पाहण्याचीही तसदी आम्ही घेतली नाही.

पुतण्याचे यंत्र अजून आहे. पुन्हा वाजले तर हात आवरायचा, जागेची छायाचित्रे घ्यायची आणि कचेरीत कळवायचे, असे भावकीत ठरले आहे. निरांजने रोज संध्याकाळी लागतात. नात ती उजळते आणि आम्ही तिला दर वेळी सांगतो, की ही चांदी आमची नव्हती.