काट्यावरचा सूर

कापसासाठी १८७० मध्येच ज्या गावाला जलंबहून रेल्वेचा फाटा आला, त्या खामगावात एक बँडमास्तर होता. तरुणपणी त्याने कापूस बाजारात हमाली केली. मग तो पथकात शिरला आणि सारं आयुष्य लग्नांत क्लॅरिनेट वाजवत राहिला. आता दम पुरेना. लग्नसराईच्या तोंडावर त्याने ठरवलं, पुढे उभं राहायचं काम दुसऱ्याला द्यायचं.

पथकात क्लॅरिनेटवाले दोघं होते, एक थोरला, एक धाकटा. दोघंही त्याच्याच हाताखाली शिकलेले. मास्तराला निवड करता येईना.

पुतण्या पुण्याहून आला होता. कॉलेजात तो रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, आता स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचा. तो म्हणाला, "काका, रुसवेफुगवे होण्याआधी मोजूनच टाकू. एका सप्तकाचे १२०० बारीक भाग धरतात. कोणता सूर किती भाग सरकला ते फोन दाखवतो. ठोका चुकला तर तेही."

सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. दोघांना एकच गाणं वाजवायला दिलं. थोरल्याचे सूर जागच्या जागी बसले. धाकटा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाई, मध्येच रेंगाळे. फोनवरची त्याची रेघ सारखी वरखाली होत राहिली. थोरल्याला शंभरपैकी ९१ गुण पडले, धाकट्याला ६४. धाकट्याने आकडे पाहिले, थोरल्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो मागच्या रांगेत गेला.

पहिली वरात नांदुऱ्याकडच्या एका गावात होती. ऊन रणरणत होतं. थोरल्याने सुरेख वाजवलं, एकही सूर हलला नाही. वऱ्हाडी नाचले, थकले आणि सावलीला पांगले. मारुतीच्या पारापाशी नवरदेवाची आजी काठी टेकत पुढे आली. तिला नातवाच्या लग्नात नाचायचं होतं. पण तिचं एक पाऊल पडेपर्यंत दोन ठोके निघून जात. ती थांबली, ओशाळं हसली आणि बाजूला सरकली.

धाकटा मागून पुढे आला. त्याने थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने वाद्य खाली घेतलं. धाकट्याने आधी म्हातारीचे पाय पाहिले, मग फुंकर घातली. साइड ड्रमवाल्याला मानेनेच खुणावून हळू केलं. आजीचं पाऊल पडेल तिथे सम येऊ लागली. एक सूर तर त्याने ती पुरती वळेपर्यंत लांबवला. सावलीतली माणसं परत आली. नवरदेवही घोड्यावरून उतरला.

पुतण्याने सवयीने फोन धरला होता. आकडा साठच्याच घरात. त्याने तो काकाला दाखवला.

मास्तर म्हणाला, "फोन खोटं नाही बोलत रे बापू. कापसाचं वजन काटा सांगे, त्यात वाद नसे. पण धागा किती लांब, ते पाहाले व्यापारी चिमूटभर रुई बोटानं ओढूनच पाहे. बाजारात दोन्ही लागे."

संगीत असं मोजायची धडपड जुनी आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी १९१९ मध्ये त्यासाठीच्या चाचण्या ध्वनिमुद्रिकांवर काढल्या. दोन सुरांतला उंच कोणता, मोठा आवाज कोणता, असं ऐकून सांगायचं. कानाची पारख त्यात खरोखर होते आणि ती हवीच, कारण बेसूर वाद्यावर कोणतीही आजी नाचणार नाही. पण समोरच्या माणसाकडे वाजवणाऱ्याचं किती लक्ष आहे, हे त्याला एकट्याला खोलीत बसवून कळत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो.

संध्याकाळी मास्तराने वाटणी केली. तालमीत थोरला सगळ्यांचे सूर लावून घेणार, वरातीत धाकटा पुढे राहणार, बिदागी दोघांना सारखी. थोरल्याने एवढंच मागितलं की ते मोजायचं अ‍ॅप तालमीला रोज हवं. पुण्याला निघण्याआधी पुतण्याने ते त्याच्या फोनवर घालून दिलं.