नंदनवन आणि काला

नागपूरच्या पूर्व भागात, जगनाडे चौकाच्या अंगाने पसरलेल्या ज्या वस्तीत माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे गेली, तिचे नाव नंदनवन आहे. आणि विजेच्या बिलांवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर, रजिस्ट्रीच्या कागदांवर आणि भाडेपट्ट्यांवर ते नाव आजवर इतक्या वेळा लिहिले गेले आहे की, मुळात ते इंद्राच्या उद्यानाचे नाव असून तेथे पारिजात आणि मंदार फुलतात व पुण्यवान जीव आपल्या सत्कर्मांचे फळ भोगीत विहार करतात, ही गोष्ट आम्हां रहिवाशांच्या ध्यानी क्वचितच येते. या शहराला उद्यानांचा लळा जुनाच आहे. भोसल्यांनी महाराजबाग व तुळशीबाग लावल्या, शक्करदरा, सोनेगाव आणि तेलंगखेडी येथे बागा केल्या. आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर उमरेड मार्गाच्या कडेला ताजबाग आहे, जेथे १९२५ साली देह ठेवलेल्या ताजुद्दीनबाबांच्या उरुसाला सर्व धर्मांची माणसे पोराबाळांसह लोटतात. वन हा शब्द संस्कृताचा, बाग हा फारसीचा. परंतु रविवारी दुपारी डबे बांधून घराबाहेर पडणाऱ्या कुटुंबाला या दोहोंतील अंतर कधी जाणवलेले मी पाहिले नाही.

मागील हिवाळ्यात आमच्या घरची आणि शेजारची मिळून १४ माणसे रामटेकला जाण्यास निघाली. अंबाळा तलावाच्या जवळपास एखादी सावली पाहून रोडगे लावावयाचे, वांग्याची भाजी आणि वरण तेथेच शिजवावयाचे आणि दिवस मावळताना परतावयाचे, इतकाच बेत होता. मोठ्याईला, म्हणजे माझ्या थोरल्या काकूला, चलण्याचा आग्रह केला तेव्हा ती हातातील जपमाळ खाली न ठेवता म्हणाली, “देवदर्शनाले जात असाल तर येतो मी. नुसतं खायले-फिरायले मी कायले येऊ? त्यात पुण्य काय पडते?” गडावर रामाचे दर्शन घेणारच आहोत, असे सांगितल्यावर ती निघाली. परंतु तिचा प्रश्न मात्र माझ्या मनातून निघाला नाही, कारण तो तिचा एकटीचा प्रश्न नव्हता. आपल्याकडील कोणतीही सहल पाहा. वाटेवरचे एखादे देऊळ तिच्यात गोवलेले असतेच. अदाशाच्या टेकडीवरचा गणपती, कोराडीची देवी, तेलंगखेडीचा मारुती, यांच्या दर्शनाचा परवाना हाती आल्याखेरीज निखळ आनंदासाठी घर सोडण्यास आपले मन कचरते. आनंद हा जणू सरकारजमा होण्याजोगा माल असावा आणि देवाच्या दप्तरी नोंद झाल्यानेच तो आपल्या मालकीचा व्हावा, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत मला खरी वाटत नाही; परंतु ती टाकून देण्यापूर्वी तिच्या मागे जे मोठे विचार उभे आहेत त्यांचा आदराने विचार केला पाहिजे.

वसईजवळच्या सोपारा या प्राचीन बंदरी १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखाचा विषयच मुळी सहल हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस जात, तेथे मृगया आणि तत्सम करमणुकी चालत. परंतु अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर हा राजा संबोधीस गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असे त्यात सांगितले आहे. या धर्मयात्रेत काय करावयाचे? ब्राह्मण-श्रमणांना भेटावयाचे व दान द्यावयाचे, वृद्धांना भेटावयाचे, आणि गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माची गोष्ट बोलावयाची. पुढे राजा जे सांगतो ते मला फार मोलाचे वाटते: या यात्रेत आपल्याला अधिक आनंद होतो, असे तो म्हणतो. राजाने आनंदाचा त्याग केला असे तेथे नाही. त्याला आनंदाचे अधिक चांगले ठिकाण सापडले, इतकेच. मृगयेच्या वनात जे भेटत ते मारण्यासाठी. या नव्या वाटेवर जी भेटतात ती माणसे. आपल्या मराठीत विहार हा शब्द आजही दोन्ही अर्थांनी नांदतो. नौकाविहार आम्ही म्हणतो, आणि आमच्याच वस्त्यांमधून सायंकाळी बुद्धवंदनेचे स्वर जेथून येतात त्या वास्तूलाही विहारच म्हणतो.

हाच राजा आपल्या पहिल्या शिलालेखात ‘समाज’ भरवू नये असे फर्मावतो, कारण समाजात त्याला पुष्कळ दोष दिसतात. आणि लगेच, काही समाज चांगलेही आहेत, अशी पुस्ती जोडतो. येथे समाज म्हणजे लोकांनी एकत्र जमून केलेला उत्सव, खेळतमाशांचा मेळा. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा जो लेख आहे, तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या, कारकीर्दीच्या १९ व्या वर्षी कोरलेला, त्यात ती आपल्या दिवंगत पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमांची गणना करताना त्याने उत्सव आणि समाज भरविले याचाही गौरव करते. भिक्षूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर, दानाच्या लेखात, एका वृद्ध मातेला आपल्या मुलाच्या गुणांमध्ये ही गोष्ट नोंदवावीशी वाटली, हे वाचताना माझे मन दर वेळी भरून येते. क्षत्रियांचा दर्प मोडणे आणि लोकांना एकत्र आणून आनंदविणे ही तिच्या लेखी एकाच थोरवीची दोन अंगे होती. आज आपण समाज हा शब्द किती गंभीरपणे उच्चारतो! समाजाचे ऋण, समाजाची धारणा, समाजाचा रोष. ज्या शब्दाने एके काळी जत्रेतील गर्दी सांगितली जाई, त्याच शब्दाने आज आपण आपल्या सामूहिक अस्तित्वाचा निर्देश करतो. आणि मला तरी यात भाषेचा केवळ अपघात दिसत नाही. एकत्र हसल्यावाचून माणसे समाज होत नाहीत, हे भाषेला आपल्याआधी कळले असावे.

परंतु मोठ्याईचा प्रश्न पुण्याचा होता, आणि पुण्याचे शेवटचे ठिकाण जर ते वरचे नंदनवन असेल तर तेथील व्यवस्था कशी आहे हेही पाहिले पाहिजे. महाभारताच्या वनपर्वात मुद्गल ऋषींची कथा आहे. शेतात सांडलेले दाणे वेचून हा ऋषी कुरुक्षेत्री राही. पंधरवड्यात द्रोणभर भात जमे, त्यातून तो यज्ञ करी, अतिथींना वाढी आणि उरलेले बायकामुलांसह खाई. अतिथी आला की ते अन्न वाढत असे, असे व्यास सांगतात. दुर्वास सहा वेळा येऊन सारे अन्न फस्त करून गेले, तरी ऋषीच्या मनाला राग शिवला नाही. तेव्हा हंसांचे विमान घेऊन देवदूत आला आणि सदेह स्वर्गास चलण्याची विनंती करू लागला. मुद्गलाने जे विचारले ते आजवर कोणत्याही याचकाने विचारले नसेल: स्वर्गाचे गुण सांग आणि दोषही सांग. देवदूत प्रामाणिक होता. नंदनादी उद्याने, दुःखरहित देह, न कोमेजणाऱ्या माळा, हे सारे सांगून झाल्यावर त्याने दोष सांगितले. तेथे केलेल्याचे फळ भोगता येते, नवे काही करता येत नाही. दुसऱ्याचे अधिक तेजस्वी ऐश्वर्य पाहून मन जळत राहते. आणि गळ्यातील माळा कोमेजू लागल्या की खाली पडण्याचे भय सुरू होते. मुद्गलाने देवदूताला नमस्कार करून विमान परत पाठविले आणि तो आपल्या दाण्यांकडे वळला.

या कथेवर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. त्या उद्यानाचा खरा दोष क्षणभंगुरता हा नसावा, कारण आमची रामटेकची दुपार त्याहून कितीतरी क्षणभंगुर होती. तेथे कोणी कोणाला काही देऊ शकत नाही, हा दोष मला मोठा वाटतो. ज्याचे त्याचे पुण्य, ज्याचा त्याचा उपभोग, ज्याची त्याची माळ. अतिथी येताच वाढणाऱ्या अन्नाची ज्याला सवय, त्या मुद्गलाला असे उद्यान कसे मानवावे? कालिदासाचा यक्षही अशाच एका दिव्य नगरीतून, कुबेराच्या अलकेतून, काढला गेला आणि रामगिरीवर एकटा राहिला. तो रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, असे नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. पाणी, सावली, पावसाळ्याचे पहिले मेघ, काय नव्हते तेथे? तरीही तो शिक्षा भोगीत होता, कारण ते दाखवावयास जवळ कोणी नव्हते.

बुद्धवचनात या उद्यानाचा उल्लेख अधिक कठोर आहे. संयुत्तनिकायात कोणी एक देवता म्हणते की ज्यांनी नंदन पाहिले नाही त्यांना सुख कळलेच नाही. तिला उत्तर मिळते की सर्व संस्कार अनित्य आहेत आणि त्यांचे शमन हेच सुख. याला मी काय प्रत्युत्तर देणार? इतकेच सांगतो की १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी दीक्षाभूमीवर जे लाखो लोक येतात, त्यांच्यात मी अनेकदा हिंडलो आहे. खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे, भाकरी सोडून गोल बसलेल्या बाया, बापाच्या खांद्यावरून स्तूप पाहणारी लेकरे, पुस्तकांच्या दुकानांपुढची झुंबड, अनोळखी माणसाला बोलावून जेवू घालणारे भोजनदानाचे मांडव. आणि या सर्वांच्या चेहऱ्यांवर जो उल्हास असतो त्याला धर्म म्हणावे की आनंद म्हणावे, हे मला वेगळे काढता आलेले नाही. अशोकाची धर्मयात्रा अशीच असेल.

आता एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घरच्या सहली वर्षानुवर्षे अशा होत की पहाटे चार वाजता आई आणि काकू उठत, पन्नास-साठ पुऱ्या तळत, भाजी, चटणी, लोणचे बांधून देत, बागेत पोचल्यावर वाढीत, आणि रात्री परतल्यावर सर्वांची भांडी घाशीत. तेलंगखेडीच्या हिरवळीवर आम्ही पत्ते खेळत असू तेव्हा त्या दोघी उष्टी ताटे आवरीत असत. ती सहल कोणाची होती, हा प्रश्न मला त्या काळी पडला नाही, याची खंत मला आज आहे. आई आता नाही. मोठ्याईने देवदर्शनाची अट का घातली असेल, हेही मला फार उशिरा उमगले. देवळापुढे उभे असताना तिच्याकडे कोणी पाणी मागत नाही, तेवढीच घटका तिची स्वतःची असते.

म्हणून रोडग्यांचा बेत मला अधिक प्रिय आहे, कारण आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे या स्वयंपाकाला पुरुषांनी बसण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकावर एक चढवून गोळे वळावयाचे, गोवऱ्यांचा जाळ खाली बसून नुसती धग उरली की तिच्यात ते पुरावयाचे, आणि मग काठीने उलटीत धीर धरावयाचा. घाईने काढलेला रोडगा आत कच्चा राहतो आणि ते खाणाऱ्याच्या तोंडावर दिसते. राख फडक्याने झटकून रोडगा फोडला की आतून वाफेबरोबर गव्हाचा जो वास येतो, त्यावर तूप सोडावे. त्या दिवशी मोठ्याई गडावरून दर्शन करून आली, तेव्हा आम्ही भाऊ-भाऊ धुराने डोळे पुसत होतो आणि ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसून आम्हांला सूचना देत होती. तिला कोणी उठू दिले नाही. रस्त्याने जाणारा एक गुराखी व त्याची नात यांनाही हाक मारली. १४ जणांच्या हिशेबाने लावलेले रोडगे १६ जणांना पुरले, आणि पुरून उरले.

वारकऱ्यांच्या सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते. सात दिवस नाम, पारायण आणि जागर झाल्यावर सांगावयाची शेवटची गोष्ट कोणती, तर यमुनेच्या वाळवंटी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र केलेल्या जेवणाची! भागवताच्या दशमस्कंधात कृष्ण मधोमध बसला आहे आणि सवंगडी कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे भोवती बसले आहेत. काल्याच्या कीर्तनात कीर्तनकार पुढे सांगतात की हे वनभोजन पाहून स्वर्गीच्या देवांना मोह पडला. गोपाळ हात धुण्यास नदीवर येतील तेव्हा त्यांच्या हाताचे उष्टे कण तरी मिळावेत म्हणून ते आपले नंदन सोडून यमुनेत मासे होऊन राहिले. कृष्णाने हे ओळखले आणि सवंगड्यांना सांगितले की आज पाण्यात हात धुऊ नका, घोंगडीलाच पुसा.

मोठ्याईने ही कथा पन्नास वर्षे ऐकली आहे. जेवणे झाल्यावर ती माझा हात धरून अंबाळ्याच्या पायरीपर्यंत आली. मला वाटले, तिला चूळ भरावयाची असेल. तिने पदराआड धरलेला अर्धा रोडगा काढला, तो तळहातावर बारीक चुरला, आणि वाकून पाण्यात सोडला. खालून मासे वर आले. ती त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “घ्या रे बाप्पा, तुमचाबी वाटा आहे.”